आधी थांबण्याचा हक्क द्या

१ ऑक्टोबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली ज्येष्ठांच्या नावे राखून ठेवला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी सभागृहे भरतात, शाली पांघरल्या जातात आणि वार्धक्याची स्तोत्रे गायिली जातात. गेल्या वर्षी अशाच एका समारंभात प्रमुख पाहुणा म्हणून बोलण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. व्यासपीठामागच्या फलकावर ‘क्रियाशील वार्धक्य, समृद्ध समाज’ अशी अक्षरे होती. समोर दीड-दोनशे माणसे बसली होती. निवृत्त शिक्षक, बँकांतले अधिकारी, महसूल खात्यातले अव्वल कारकून, काही डॉक्टर. साठीनंतर माणसाने स्वस्थ बसू नये, समाजाचे देणे फेडावे, अशा आशयाचे मी बोललो. टाळ्या पडल्या. चहा झाला. मी समाधानाने घरी आलो.

त्याच आठवड्यात, आमच्याकडे गेली बावीस वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईंबरोबर मला तहसील कचेरीत जावे लागले. त्यांना पासष्टावे वर्ष पूर्ण झाले होते. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे; त्यांच्या पिढीतल्या असंख्य निरक्षर बायांचा जन्म सरकारदरबारी त्याच दिवशी झालेला आहे. पासष्टी उलटताच ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० रुपये बंद झाले. कारण ती योजना २१ ते ६५ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांसाठी आहे. मग कुणीतरी त्यांना सांगितले की आता ‘श्रावणबाळ’मध्ये अर्ज करा, तिथेही १५०० रुपयेच मिळतात. म्हणून आम्ही गेलो.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद चाळले आणि विचारले, “आजी, मुलगा कमावतो ना? मग पेन्शन कशाला?” मुलगा एका ठेकेदाराकडे रात्रपाळीचा रखवालदार आहे. घरात पाच माणसे. त्याचा दोन महिन्यांचा पगार धरला तरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ओलांडली जात होती. कारकून उद्धट नव्हता. नियमाप्रमाणे तो बरोबरच बोलत होता. परतीच्या वाटेवर बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सर, मला आता थांबायचं आहे हो. गुडघे राहिले नाहीत. पण थांबायलाही पैसे लागतात.”

साठीनंतर स्वस्थ बसू नये, हा उपदेश मी चार दिवसांपूर्वी केला होता. तो उपदेश किती पोकळ होता, हे मला त्या एका वाक्याने कळले. अर्थशास्त्र शिकवण्यात पस्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला ते इतक्या उशिरा कळावे, याची शरम वाटली. तिचे कारण मांडण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम त्या कचेरीतला हिशेब पाहू. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठरवण्यात आली. त्याच वेळी श्रावणबाळ योजनेची मर्यादा २१,००० रुपये होती. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १७५० आणि दिवसाला साठ रुपयांहूनही कमी, तेही साऱ्या कुटुंबाचे मिळून! म्हणजे चौसष्ट वर्षांची बाई अडीच लाखांच्या घरातली असली तरी शासनाच्या लेखी गरजू. आणि पासष्ट पूर्ण झाली, हातपाय थकले, कामे सुटू लागली की तिने गरजू ठरण्यासाठी बारापट अधिक दरिद्री असले पाहिजे. वय वाढेल तशी गरज घटते, असा हा शोध आहे. दोन्ही योजना एकाच शासनाच्या, रक्कम एकच. भेद कशात? पहिल्या योजनेतल्या बहिणींची मते निवडणुकीच्या गणितात मोजली गेली. दुसऱ्या योजनेतल्या म्हाताऱ्या मोजल्या गेल्या नाहीत. ‘ज्येष्ठांचा सहभाग’ या थोर शब्दांचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे.

हे शब्द आले कुठून? वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद १९८२ साली व्हिएन्नात भरली. दुसरी २००२ साली माद्रिदला. माद्रिदच्या परिषदेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने क्रियाशील वार्धक्याच्या धोरणाचा आराखडा मांडला. त्याचे तीन आधारस्तंभ होते : आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता. क्रियाशील म्हणजे केवळ शरीराने चपळ असणे किंवा नोकरी-मजुरी करत राहणे नव्हे. समाजाच्या आर्थिक, सांस्कृतिक आणि नागरी व्यवहारात वाटा असणे, असा खुलासाही त्या आराखड्यात आहे. आपल्या देशाने त्याआधीच, १९९९ साली, ज्येष्ठ व्यक्तींसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले होते. त्याही आधी, संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली होती. तात्पर्य, कागदावर काही कमी नाही.

कमी आहे ते कागदाबाहेर. तीन स्तंभांतला ‘सुरक्षितता’ हा खर्चाचा स्तंभ हळूच बाजूला काढण्यात आला. ‘आरोग्य’ हा स्तंभ विम्याच्या कार्डावर उभा केला गेला. उरला ‘सहभाग’. तो सर्वांत स्वस्त; कारण त्यासाठी बागेत बाके टाकली, विरंगुळा केंद्राचे उद्घाटन केले आणि हास्यक्लबाला सतरंजी दिली की भागते. बागांना किंवा हास्यक्लबांना माझा विरोध नाही. मी स्वतः रोज सकाळी तिथे जातो. परंतु मी तिथे जाऊ शकतो. कारण महिन्याच्या अखेरीस माझे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते आणि वर्षातून दोनदा त्यावरचा महागाई भत्ता वाढतो. सुरक्षितता आधी, सहभाग नंतर, हा क्रम माझ्या बाबतीत पाळला गेला. बाईंच्या बाबतीत तो उलटा करण्यात आला आहे : आधी सहभागी व्हा, सुरक्षिततेचे पुढे पाहू.

आणि गंमत अशी की, क्रियाशीलतेचा उपदेश ज्यांना करायचा तो गरीब वृद्ध मुळात कधी निष्क्रिय झालेलाच नाही. केंद्र सरकारच्याच आरोग्य मंत्रालयाने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे ३६ टक्के व्यक्ती काम करताना आढळल्या. खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा अधिक आहे. ही माणसे छंद म्हणून काम करीत नाहीत. कापूस वेचणारी सत्तरीची बाई, बाजार समितीच्या दारात हातगाडी ओढणारा पासष्टीचा हमाल, इमारतीच्या पायरीवर रात्र काढणारा म्हातारा रखवालदार ही ‘क्रियाशील वार्धक्या’ची खरीखुरी चित्रे आहेत, पण ती कोणत्याही फलकावर छापली जात नाहीत.

अर्थशास्त्रातही एक लबाडी रूढ आहे, तिची कबुली आमच्या व्यवसायबंधूंनी दिली पाहिजे. पंधरा ते एकोणसाठ वयाच्या दर शंभर माणसांमागे साठीपुढची माणसे किती, यास ‘वृद्ध-अवलंबन प्रमाण’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार ते देशात १४ च्या आसपास होते. १९९६-९७ पासून आम्ही वर्गावर्गांतून हे प्रमाण फळ्यावर लिहीत आलो आणि विद्यार्थ्यांना सांगत आलो की हे भविष्यातले ओझे आहे. २०११ साली देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी लोक होते. २०३६ पर्यंत ते २२ कोटींच्या पुढे जातील, असा शासनाच्याच तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. त्यावरून ‘वृद्धांची लाट’ असे शब्द वृत्तपत्रांत येतात. जणू पूरच येतो आहे!

हे ओझे कोण कुणाचे वाहते, ते बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर किंवा तांड्यावर जाऊन पाहावे. दसरा उलटला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचसहा महिने कारखान्याच्या तळावर राहतात. मागे गावात कोण उरते? म्हातारे आणि लेकरे. नातवंडांना शाळेत धाडणे, त्यांचे दुखणेखुपणे काढणे, शेरडे-कोंबड्या राखणे, पाणी भरणे हे सारे ती आजी करते. ती नसेल तर लेकरू शाळा सोडून फडात जाते. म्हणजे महाराष्ट्राच्या साखरेच्या प्रत्येक पोत्यामागे एका म्हातारीचे सहा महिने आहेत. आमच्या सांख्यिकीत मात्र तिचा मुलगा उत्पादक आणि ती अवलंबित! साखर कारखान्याच्या ताळेबंदात तिच्या श्रमाचा एक पैसाही दिसत नाही, कारण तो कुणी दिलेलाच नाही. अवलंबन खरेच मोजायचे असेल, तर या उद्योगाचे त्या म्हातारीवरचे अवलंबन मोजा.

मग शासन आपली जबाबदारी कुणावर टाकते? कुटुंबावर. २००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यासंबंधीचा कायदा केला. ज्या वृद्धांना संपत्ती लिहून घेऊन घराबाहेर काढले जाते, त्यांना त्या कायद्याचा उपयोग झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याची भाषा बारकाईने वाचा. मुलांनी निर्वाह केलाच पाहिजे. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम, जिची कमाल मर्यादा कायद्यात दरमहा १०,००० रुपये आहे, न दिल्यास मुलाला तुरुंगात जावे लागेल. आता राज्याचे पाहा. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन ‘करू शकेल’. मुलाला ‘केलेच पाहिजे’, सरकारला ‘करू शकेल’! रखवालदाराच्या नोकरीवर पाच माणसे पोसणारा मुलगा चुकला तर त्याला कोठडी. लाखो कोटींचा अर्थसंकल्प मांडणारे सरकार चुकले तर त्याला कुणीही काही विचारत नाही.

आणि त्या सरकारचा वाटा किती? राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये झाला. ऐंशीपुढच्यांना २०११ पासून ५०० मिळू लागले. पण साठ ते एकोणऐंशीच्या वृद्धाला केंद्र आजही २०० रुपयेच देते. या काळात भाव तिपटीहून अधिक वाढले. १९९५ च्या भावांत मोजले, तर आजचे २०० रुपये त्या वेळच्या ७५ रुपयांच्या निम्मेदेखील भरत नाहीत. महाराष्ट्र शासन त्यात भर घालून २०२३ पासून १५०० रुपये देते, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण केंद्रापुरते बोलायचे तर ही गरिबांच्या निवृत्तिवेतनात वीस वर्षे गुपचूप चाललेली कपात आहे. माझा महागाई भत्ता कुणी इतकी वर्षे गोठवला असता, तर आम्ही प्राध्यापकांनी केवढा आकांत केला असता!

राज्याच्या योजनेचे नावच मोठे बोलके आहे. श्रावणबाळ! आई-बापांना कावडीत घालून तीर्थयात्रेला नेणारा पुत्र. शासनाने २०२४ साली ती कावडही खांद्यावर घेतली : मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत साठीपुढच्या व्यक्तीला तीर्थयात्रेसाठी ३०,००० रुपयांपर्यंत खर्च मंजूर झाला. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे दर्शनापुरती गरिबीची व्याख्या उदार आणि भाकरीपुरती कठोर. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी यात्रेला अवश्य जावे. परंतु एका यात्रेचा खर्च वीस महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतका होतो, हे कोणत्या धोरणात बसते? पुराणातला श्रावणबाळ मेला तो तहानलेल्या आई-बापांसाठी पाणी आणायला गेला असताना. आमच्या शासनाने त्याची कावड तेवढी उचलली, पाण्याचा घडा उचलला नाही.

शिवाय, याच काळात रेल्वेची साधी सवलत गेली. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना ५० टक्के मिळणारी सूट २० मार्च २०२० रोजी साथीचे कारण देऊन थांबवण्यात आली. साथ गेली, सवलत परतली नाही. राज्य परिवहन मंडळाने मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला. तो निर्णय चांगला आहे; म्हाताऱ्या बायका लेकीच्या गावी, बाजारी, दवाखान्यात जाऊ लागल्या. सहभाग वाढवायचा तो असा : वृद्धाच्या हातात काही देऊन. पोकळ गौरव करून तो वाढत नाही.

कुणी म्हणेल, असंघटितांसाठी अंशदानाच्या योजना आहेत. आहेत. अटल पेन्शन योजना २०१५ ची, श्रमयोगी मानधन योजना २०१९ ची. दोहोंत प्रवेशाचे वय १८ ते ४०. म्हणजे योजना आली तेव्हा ज्याने चाळिशी ओलांडली होती, त्याला दारही उघडलेले नाही. आज जे म्हातारे आहेत, ते या दोन्ही योजनांतून वगळलेले आहेत. आणि ज्यांनी संघटित कारखान्यांत आयुष्य घालवले, त्यांची कथा? १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरली. गिरणी, साखर कारखाना, एस.टी., सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेले हजारो कामगार त्याविरुद्ध उपोषणाला आणि मोर्चाला बसत आले आहेत. सत्तरीतल्या माणसांनी चालवलेला हा लढा म्हणजे ज्येष्ठांचा सहभाग नव्हे काय? पण अशा सहभागाला शाल मिळत नाही, पोलिसांची नोटीस मिळते.

आता पैशांचा प्रश्न. तो टाळण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक सभेत हाच प्रश्न अखेरचा म्हणून विचारला जातो. प्राप्तिकर भरणारे आणि नियमित निवृत्तिवेतन घेणारे वगळून देशातल्या १० कोटी वृद्धांना दरमहा ३००० रुपये द्यायचे ठरवले, तर वर्षाला ३ लाख ६० हजार कोटी रुपये लागतील. २०२४-२५ चे राष्ट्रीय उत्पन्न चालू किमतींना सुमारे ३३० लाख कोटी होते. म्हणजे शंभर रुपयांतला सव्वा रुपयाही लागत नाही. आज वृद्ध, विधवा आणि अपंग अशा सर्वांच्या सामाजिक साहाय्यासाठी केंद्राची तरतूद ९,६५२ कोटींची आहे. शंभर रुपयांतले तीन पैसे!

उरलेले आणायचे कुठून? सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर एका अध्यादेशाने कमी करण्यात आला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडून देत आहोत, असे सरकारनेच सांगितले होते. संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मोठ्या मालमत्तेवरचा संपदा शुल्काचा कायदा १९५३ साली झाला होता. तो १९८५ साली रद्द झाला. श्रीमंताच्या मृत्यूवर कर नको आणि गरिबाच्या वार्धक्याला पैसा नाही, ही दोन्ही विधाने एकाच तोंडून निघतात. १ जुलै २०२४ पासून आंध्र प्रदेशाने वृद्धांचे निवृत्तिवेतन ४००० रुपये केले. तो काही महाराष्ट्राहून श्रीमंत प्रांत नव्हे. केरळने शेतमजुरांना निवृत्तिवेतन देण्यास १९८० साली आरंभ केला. आपल्याच राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि हमालांच्या मजुरीवर व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी उभा केला. मालक ठरलेला नसलेल्या कामगारालाही म्हातारपणाची पुंजी मिळू शकते, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केले. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नाही, पैशाचाही नाही. दबावाचा आहे.

आणि इथे आपल्याकडे, म्हणजे चळवळीकडे, बोट दाखवणे भाग आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्यांची मागणी न्याय्य होती. तिच्या समर्थनार्थ मीही मोर्चात चाललो. परंतु त्या मोर्चात ‘सर्वांना निवृत्तिवेतन’ असा एकही फलक मी पाहिला नाही. आमच्या शाळा-कचेऱ्या झाडणाऱ्या कंत्राटी बायांचा उल्लेखही कुणी केला नाही. मी स्वतः केला का? नाही. लोकांनी संपाला ‘स्वतःपुरते पाहणारे’ म्हणून नावे ठेवली, तेव्हा आम्ही रागावलो; पण त्यांना तसे वाटावे अशीच आमची वागणूक होती.

बाबा आढावांनी हा धडा आपल्याला कधीच घालून दिला होता. अरुणा रॉय यांच्यासह त्यांनी पेन्शन परिषदेचे काम उभे केले. २०१२ साली दिल्लीत असंघटित वृद्धांना एकत्र आणून किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मागितले. त्या वेळी ते स्वतः ऐंशी ओलांडलेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षात, ते पुण्याच्या फुलेवाड्यात उपोषणाला बसले. १९७४ साली बिहारच्या तरुणांच्या हाकेला जयप्रकाशजी धावले, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. क्रियाशील वार्धक्याची ही आमची परंपरा आहे. वृद्धाने सत्तेपुढे उभे राहून प्रश्न विचारणे, हा त्याच्या सहभागाचा सर्वोच्च प्रकार होय. शासकीय धोरणांत त्याला जागा नाही, कारण ती धोरणे वृद्धाला लाभार्थी म्हणून ओळखतात, नागरिक म्हणून नाही.

म्हणून सहभागाचा अर्थ आपण ठरवू. तालुक्याच्या निराधार अनुदान समितीकडे श्रावणबाळचे अर्ज जातात. या समितीवर पालकमंत्र्यांच्या शिफारशीने अशासकीय सदस्य नेमले जातात. ते बहुधा सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते असतात. ज्यांच्या भाकरीचा तिथे निर्णय होतो, त्यांच्यातले कुणी त्या टेबलाशी नसते. केरळ विधानसभेने मार्च २०२५ मध्ये वृद्धांसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला. महाराष्ट्रात निदान तालुक्यापासून सुरुवात करू.

आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. साठ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक असंघटित श्रमिकाला निवृत्तिवेतन हवे. ते व्यक्तीचा हक्क म्हणून, मुलाचा पगार न विचारता. त्याची रक्कम किमान वेतनाच्या निम्मी असावी आणि भावनिर्देशांकाबरोबर दरवर्षी वाढावी. हयातीचा दाखला घेण्यासाठी शासनाने वृद्धाच्या दारी यावे. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रात उमटले नाहीत म्हणून कुणाचे पैसे थांबू नयेत. तालुका समितीवर निम्म्या जागा निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या असाव्यात आणि त्यांतल्या निम्म्या स्त्रियांच्या. मंजूर व नामंजूर अर्जांची यादी कारणांसह ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. ऊसतोडीच्या गावांत नातवंडे सांभाळणाऱ्या वृद्धांना हंगामभर मानधन मिळावे आणि त्याचा भार साखर कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे उचलावा. यापलीकडे ज्या वृद्धाला काम करायचे आहे, शिकवायचे आहे, गावाचा कारभार पाहायचा आहे, त्याने ते खुशाल करावे. पोटाची सक्ती संपल्यावर केलेले कामच स्वेच्छेचे असते.

कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या शहरांतले ज्येष्ठ नागरिक संघ वर्गणीवर चालतात आणि त्यांत धुणीभांडी करणारी बाई सभासद नसते. तुमच्यापैकी अनेक जण त्या संघांत आहेत, मीही आहे. येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या, वस्तीतल्या पासष्टीपुढच्या दहा श्रमिक स्त्री-पुरुषांची नावे लिहावीत, त्यांचे कागद पाहावेत, अर्ज भरावेत. नामंजुरी आली तर ती लेखी मागावी. तोंडी ‘नाही’ला अपील नसते, लेखी ‘नाही’ला असते. बाईंचा अर्ज आम्ही पुन्हा केला आहे आणि त्याचे लेखी उत्तर मागितले आहे. ते अजून आलेले नाही. तोवर त्या रोज सकाळी सात वाजता येतात, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढतात, आणि मी बागेतून फिरून परत येईपर्यंत भांडी घासून झालेली असतात.

येत्या १ ऑक्टोबरला माझे भाषण नाही. त्या दिवशी आमच्या संघाने तहसील कचेरीसमोर बसायचे ठरवले आहे. अशा नामंजूर अर्जांची चळत आणि अर्जदार यांच्यासह. शाली ज्यांना आणायच्या असतील त्यांनी आणाव्यात. त्या जमिनीवर अंथरता येतील.